वरण-बट्टीच्या मुलखात वजनं उचलणारे : शिस्त टिकवता तरी कशी?

मालगाडी
३ फेब्रुवारी, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुका पोटात घाला, माझ्या पोटात आता जागा नाही.

वय ४१, उंची पाच फूट सात इंच, वजन ९१ किलो. भुसावळला मालगाडीवर लोको पायलट आहे. गेल्या दोन वर्षांत चार वेळा जिम लावली आणि चारही वेळा सुटली. पहिल्यांदा लग्नसराईत सुटली. दुसऱ्यांदा मे महिन्यात, कारण जिमवर पत्रे आणि बाहेर पारा ४५ च्या पुढे. आत लोखंडी दांड्याला हात लावला की तव्याला लावल्यासारखं वाटायचं. तिसऱ्यांदा कंबरेत उसण भरली. चौथ्यांदा का सुटली ते मलाही सांगता येणार नाही. एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशी लाज वाटली म्हणून गेलो नाही, मग महिना झाला.

जिमवाल्या पोराने तक्ता लिहून दिला होता. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, असा. आता माझी गोची अशी आहे की माझ्या आयुष्यात सोमवार नावाची गोष्टच नाही. फोन वाजतो, दोन तासांत हजर व्हायचं. कधी खंडवा, कधी इगतपुरी, कधी बडनेरा. तिथल्या रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतीच्या खोलीत, पडायचं, परत गाडी मिळेल तेव्हा यायचं. पहाटे चारला घरी पोचलेल्या माणसाचा तो 'छातीचा वार' संपला की सुरू झाला?

खाण्याचं तर विचारूच नका. नुसत्या जानेवारीत सहा भरीत पार्ट्या झाल्या. बायको यावलकडची, तिच्या माहेरी गेलं की वरण-बट्टीशिवाय सुटका नाही. बट्टी वाफवतात, कापतात, वर तळतात, आणि ताटात चुरली की वाढणारी बाई तुपाचं भांडं घेऊन डोक्यावर उभी. 'नको' म्हणालो तर तिला वाटतं जावई रुसला.

तुम्ही टिकवता कसं, ते सांगा. 'मनाचा निर्धार करा' असं लिहिणार असाल तर तो चार वेळा करून झालाय.

पंप_जळगाव
४ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

भाऊ, राग मानू नका, पण हे सगळे बहाणे आहेत. मी स्वतः जिममध्ये शिकवतो. ज्याला करायचं असतं तो डबा घेऊन लग्नात जातो. मी स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या हळदीला उकडलेलं चिकन आणि भात डब्यात नेला होता. लोक हसले. हसू देत. सहा दिवस जिम, एक दिवस आराम, साखर बंद, तेल बंद, बट्टी तर पूर्ण बंद. तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर नाव बदलेन.

उगाचच
४ फेब्रुवारी, सकाळी ९:३२

बहिणीच्या हळदीत डबा??? पंप भाऊ, बहीण बोलते ना अजून?

पंप_जळगाव
४ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

बोलते. टोमणे मारते, पण बोलते.

तालीमवाला_धुळे
४ फेब्रुवारी, दुपारी २:१५

भाऊ, मी बी तालीमना गडी शे. आते वय बासट शे, तरी सकाळे पाच वाजता उठस. मन्हा आजा सांगे, पैलवान मातीमा घडस, आरसामा नही.

असो, सगळ्यांना समजावं म्हणून पुढचं साध्या मराठीत. आमच्या तालमीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून माती मळायचो. ती माती उकरणं हाच अर्धा व्यायाम. त्यावर जोर, बैठका, मग लढत. पहाटे दोन-अडीच तास, संध्याकाळी तेवढेच. त्यावर दूध-तूप-बदाम जिरायचं. आमच्यातले किती तरी पैलवान चाळिशीत फुगले. कारण सोपं आहे. कुस्ती सुटली आणि खुराक राहिला. तुम्ही गाडीत बसून काम करता आणि सासुरवाडीचा खुराक पैलवानाचा घेता, मग वजन कुठे जाईल?

पण पंप भाऊ, तुमचंही सगळं पटलं नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. त्या पातळीच्या गड्याचं खाणं, झोप, मालीश यावर लक्ष ठेवायला तालीम असते, वस्ताद असतो. संसारी माणसाने त्याची नक्कल केली की पंधरा दिवसांत मोडतो. संसारी माणसाला संसारी हिशोब पाहिजे.

अमळनेरकरीण
४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

मालगाडी भाऊ, मी शिक्षिका आहे, वय ३७, गेली अडीच वर्षं वजनं उचलते. घरीच. गावातल्या जिममध्ये बायकांची वेळ सकाळी ११ ते १, तेव्हा मी वर्गात पाढे घेत असते. म्हणून दोन डंबेल घेतले, ज्यांच्यावर चकत्या कमी-जास्त करता येतात, आणि एक रबरी पट्टा. सासूबाई पहिले सहा महिने म्हणायच्या, 'बाईची जात, पैलवान होशील.' आता त्यांचा गुडघा दुखतो तेव्हा मीच त्यांना खुर्चीवरून उठ-बस करायला लावते.

मी टिकले ते एकाच गोष्टीमुळे. वार पाळणं सोडलं. माझे दोनच व्यायाम आहेत, 'अ' आणि 'ब'. 'अ' झाला की पुढचा 'ब', मग तो उद्या होवो की चार दिवसांनी. वहीत शेवटचं काय लिहिलंय ते बघायचं, त्याच्या पुढचं करायचं. परीक्षा आल्या, पाहुणे आले, पाळीचे दिवस जड गेले, तरी बुडालं असं काही होतच नाही. वार पाळला की बुडतो. क्रम पाळला तर फक्त लांबतो. तुमच्या नोकरीला हेच बसेल असं वाटतं.

मालगाडी
५ फेब्रुवारी, पहाटे ४:४०

आत्ता खंडव्याहून आलो, चहा पितोय, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला ताई. 'फक्त लांबतो' हे डोक्यात बसलं. गाडीचंही तसंच आहे की. मालगाडीला सिग्नलवर चार तास उभं करतात, म्हणून कोणी ती रद्द झाली म्हणत नाही.

'अ' आणि 'ब' मध्ये काय काय करता ते लिहाल का?

अमळनेरकरीण
५ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

माझं सांगते, तुम्ही जिमच्या साधनांवर बसवा. 'अ' : बैठका (डंबेल छातीशी धरून), जमिनीवर आडवं होऊन डंबेल वर ढकलणं, वाकून डंबेल ओढणं. 'ब' : कंबरेत वाकून वजन उचलणं म्हणजे डेडलिफ्ट, उभं राहून डोक्यावर दाबणं, पट्टा वरून खाली ओढणं. प्रत्येकाचे तीन सेट. आठ वेळा जमलं की पुढच्या खेपेला नऊ, असं बारापर्यंत. तिन्ही सेट बारा झाले की वजन थोडं वाढवायचं आणि पुन्हा आठपासून. चाळीस मिनिटांत संपतं.

पंप_जळगाव
५ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

ताई, हे मात्र शंभर टक्के बरोबर. नवख्याला हेच पुरतं. आमच्याकडे येणारा पहिल्या आठवड्यात बायसेप्सचे पाच प्रकार मागतो म्हणून आम्ही वारांचा तक्ता देतो. खरं सांगायचं तर तक्ता दिला नाही तर गिऱ्हाइकाला वाटतं पैसे वाया गेले.

भाऊ, रात्रपाळीहून चार तास झोपून आलात तर डेडलिफ्टला जड वजन लावू नका. तुमची उसण तिथूनच आली असेल. त्या दिवशी वजन निम्मं करा, नाहीतर झोपा. झोपणं पण ट्रेनिंगच आहे.

रावेरी_केळीवाला
५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

आमच्याकडे केळीची कापणी चालू आहे. मजूर वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून दिवसभर ये-जा करतात. गावातली तरणी पोरं मला विचारतात, यांना कुठे जिम लागतं? मी पण तसंच म्हणायचो. पण नीट बघितलं तर ज्याने पंधरा वर्षं घड वाहिले त्याचा एक खांदा उतरलेला असतो आणि पस्तिशीत कंबर धरून चालतो. ओझं रोज तेच, खांदा तोच, आराम नाही. कष्ट वेगळे आणि व्यायाम वेगळा हे मला तेव्हा कळलं. व्यायामात ओझं तुम्ही ठरवता, घड तुम्हाला ठरवतो.

अवांतर : जिमवाले केळी खा केळी खा म्हणतात, आमचा धंदा वाढतो, चांगलंच आहे. २०१६ ला जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. पण प्रोटीनसाठी केळी खाणारे बघितले की हसू येतं. एका केळात जेमतेम एक ग्रॅम प्रोटीन. व्यायामाआधी ताकदीला एक केळं उत्तम, शंभरेक कॅलरीचं. डझनाने खाऊ नका. (हे मी लिहितोय हे व्यापाऱ्याला सांगू नका.)

उगाचच
५ फेब्रुवारी, रात्री ८:४१

भरीताच्या वांग्यालाही त्याच साली मानांकन मिळालंय. म्हणजे मालगाडी भाऊंचं पोट सरकारी मानांकनप्राप्त आहे.

वाटीभर
६ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

मी आहारतज्ज्ञ आहे, जळगावात प्रॅक्टिस करते. पंप यांच्या 'तेल बंद, बट्टी बंद' वर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मालगाडी, मला एकच सांगा. घरात माणसं किती, आणि तेलाचा १५ किलोचा डबा किती दिवस पुरतो?

मालगाडी
७ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

माणसं पाच. आई, आम्ही दोघं, दोन पोरं. डब्याचं मला ठाऊक नव्हतं. बायकोला विचारलं तर म्हणाली, 'आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?' तिच्या हिशोबाने साधारण ५० दिवस.

वाटीभर
७ फेब्रुवारी, रात्री १०:१०

मग बघा. १५,००० ग्रॅम भागिले ५० दिवस भागिले ५ माणसं. माणशी रोजचं ६० ग्रॅम तेल. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ५४० कॅलरी नुसत्या फोडणीत आणि तर्रीत. शेंगदाण्याचं कूट, शेव, तूप, बाहेरचं खाणं हे वेगळंच. पाचात दोन पोरं आणि आजी आहेत, म्हणजे तुमच्या ताटात ६० पेक्षा जास्तच येत असणार.

हे निम्म्यावर आणलंत तर महिन्याला आठ हजार कॅलरी वाचतात. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. आता पंगतीचा हिशोब करू. बट्टीच्या पंगतीला नेहमीपेक्षा हजार कॅलरी जास्त गेल्या असं धरा. महिन्यात चार पंगती झाल्या तरी चार हजार. म्हणजे ज्या बट्टीला आपण सगळे शिव्या घालतोय तिचा गुन्हा रोजच्या शेवभाजीच्या अर्धा आहे. पंगत डोळ्यात भरते. तेलाचा डबा कोपऱ्यात उभा असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते : पंगतीत जेवा, पोटभर जेवा, तुपाला हात आडवा लावू नका, दुसऱ्यांदा आलं तर लावा. पण मंगळवारच्या गिलक्याच्या भाजीत तेल किती पडतं ते मोजा.

आता प्रोटीन. वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरेसं असतं. तुमचं वजन जास्त आहे म्हणून ७५ किलो धरू, १२० ग्रॅम होतात. आपल्याकडच्या साध्या जेवणात, भाकरी, डाळ, भाजी, ताक मिळून, ५०-६० च्या वर जात नाही. उरलेलं आणायचं कुठून? ५० ग्रॅम सोयाबीन वडीत २६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, एका अंड्यात ६, मूठभर फुटाण्यात ६-७. कळण्याची भाकरी करा, ज्वारीत उडीद असल्याने साध्या भाकरीपेक्षा बरी. शेंगदाण्यात प्रोटीन आहे हे खरं, पण त्यात निम्मं तेल आहे, त्यामुळे त्याला प्रोटीनचं दुकान समजू नका.

एक विनंती. आधीपासून किडनीचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर हे करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

शहादेकर
८ फेब्रुवारी, सकाळी ८:००

डबा मोजण्याची कल्पना +१. आम्ही सात माणसं, ४० दिवस. आकडा काढला आणि मुकाट बसलो. (जवळपास ५४ ग्रॅम. मला वाटलं होतं आम्ही फार शहाणे आहोत.)

मालगाडी
१० फेब्रुवारी, रात्री १:३०

इगतपुरीच्या रनिंग रूममधून लिहितोय. घरी जाऊन मी सगळं सांगितलं. प्लॅस्टिकचं मापाचं भांडं आणलं, वजनकाटा आणला. बायकोला म्हटलं, आजपासून प्रत्येक भाजीत तेल मोजून टाकायचं, माझी भाजी वेगळी, सोयाबीन रोज, आणि अंडी उकडून ठेवायची. आई म्हणाली अंडी घरात शिजणार नाहीत. बायको काहीच बोलली नाही. भांडी मात्र जोरात वाजली. हे पण शिस्तीतच येतं का?

अमळनेरकरीण
१० फेब्रुवारी, सकाळी ६:४५

भाऊ, जरा कडक बोलू का? शिस्त तुमची आणि मोजायचं वहिनींनी. पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला तुम्ही दुसरी भाजी, तिसरं भांडं आणि वर काटा दिलात. तिने ते भांडं तुमच्या डोक्यात घातलं नाही हे नशीब.

आमच्याकडे मी वेगळं काही करत नाही. भाजी एकच, सगळ्यांची. तेल आठवड्याच्या सुरुवातीला एका बाटलीत काढून ठेवते. ती बाटली आठवडा पुरवायची. फोडणीला किती टाकलं ते कोणी बघत नाही, बाटली बघते. शुक्रवारी तळण करायचं असेल तर सोमवारी हात आखडतो. बाटली भरायचं काम नवऱ्याचं. तुम्ही पण तेवढं करा, आणि तुमचं सोयाबीन तुम्ही भिजवा. गरम पाण्यात दहा मिनिटं, पिळून, झालं. मालगाडी चालवता येते तर वडी पिळता येईल.

तालीमवाला_धुळे
१० फेब्रुवारी, सकाळी ७:३०

ताई, मन्हा घरमा बी हाई सांगनं पडी!

वाटीभर
१० फेब्रुवारी, सकाळी ९:००

अमळनेरकरीण यांच्या बाटलीला माझा दवाखाना सलाम करतो. आजपासून चोरली.

अंड्यांचं : आईंच्या घरात नाही तर नाही, त्यावर भांडू नका. जिमच्या बाहेर उकडलेली अंडी विकणारा असतोच. तो नसेल तर दही आणि पनीर.

पंप_जळगाव
१० फेब्रुवारी, रात्री ९:२०

पावडरचं कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. व्हे म्हणजे दुधाचंच प्रोटीन आहे, भूत नाही. एका मापात वीस-चोवीस ग्रॅम. ड्यूटीवर पाण्यात ढवळून घेता येतं, त्यामुळे भाऊंना सोयीचं. फक्त नकली माल फार आहे. पक्कं बिल घ्या, झाकण-सील बघा, अर्ध्या किमतीत कोणी देत असेल तर तो मित्र नाही.

आणि क्रिएटिन, म्हणजे वजनं उचलणारे ताकदीसाठी घेतात ती दुसरी पावडर. रोज ३ ते ५ ग्रॅम, मोनोहायड्रेट, दुसरं भारीचं घेऊ नका. पहिल्या दोन आठवड्यांत एखादा किलो वजन वाढेल, ते पाणी असतं, घाबरू नका.

वाटीभर
१० फेब्रुवारी, रात्री ९:५५

पंप यांना यावेळी पूर्ण दुजोरा. एकच भर. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं. नावं सारखी आहेत म्हणून गोंधळ होतो. रेल्वेची वैद्यकीय तपासणी असेल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा की मी क्रिएटिन घेतो, नाहीतर उगाच किडनीची चौकशी मागे लागते.

उगाचच
११ फेब्रुवारी, दुपारी १:००

हा धागा मी नुसता टवाळीला उघडला होता. आज तेलाचा डबा हलवून बघितला. बायको विचारतेय काय शोधताय.

मालगाडी
२ मे, दुपारी ३:१०

तीन महिन्यांनी येतोय. बाहेर पारा बघायची हिंमत नाही, कूलर लावून बसलोय. अखाजी (अक्षय्य तृतीया) नुकतीच झाली, बहीण माहेरी आली होती, पुरणपोळी आणि आमरस दोन्ही दोन दिवस. खाल्लं. मोजलं नाही.

हिशोब सांगतो. फेब्रुवारीपासून ८७ दिवसांत 'अ' आणि 'ब' मिळून २६ वेळा झालं. म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन. पंप भाऊ हसतील. पण याआधी माझा उच्चांक सलग ११ वेळांचा होता. एकदा नऊ दिवस गेले मध्ये, लागोपाठ गाड्या आणि एका लग्नात अडकलो. आधीचा मी असतो तर तिथेच सुटलं असतं. यावेळी जिममध्ये जाऊन वही उघडली, 'ब' लिहिलं होतं, 'ब' केलं. त्या पोराने 'कुठे होतात' असं विचारलं तेव्हा सांगितलं, सिग्नल नव्हता.

रनिंग रूममध्ये दंड-बैठका करतो, वीस मिनिटं. त्या वहीत धरत नाही. जोडीदार सहायक आधी मोबाईलवर चित्रीकरण करायचा, आता शेजारी उभा राहून करतो, त्याचं वय २६ आणि माझ्याआधी दमतो.

वजन मात्र ८९.२. तीन महिन्यांत दोन किलोसुद्धा नाही. याचं काय करू?

पंप_जळगाव
२ मे, दुपारी ४:००

हसणार नाही भाऊ. आमच्याकडे जानेवारीत नाव घातलेल्यांपैकी बहुतेक आज दिसत नाहीत, तुम्ही दिसताय. वजन सोडा, बैठकांना किती आलात ते सांगा. आणि पँट?

मालगाडी
२ मे, दुपारी ४:२५

बैठका ३० किलोवरून ५५. डेडलिफ्ट ४० वरून ७०. कंबर ४१ इंच होती, आता साडेएकोणचाळीस. पट्ट्याला मोच्याकडून एक भोक पाडून घेतलं.

वाटीभर
२ मे, रात्री १०:३०

मग रडताय कशाला? चरबी गेली, स्नायू थोडे आले, काट्याला दोन्हीतला फरक कळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा फीत लावा आणि काट्यावर रोज चढत असाल तर बंद करा.

उन्हाचं सांगते. पहाटे साडेपाचच्या आत आटपा. जमलं नाही तर त्या दिवशी एक सेट कमी करा. घाम फार जातो, नुसतं पाणी ढोसू नका, मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. डोकं गरगरलं, मळमळलं की दांडा खाली ठेवायचा. उन्हाळ्यात वजन वाढवायची घाई नको, जूनपर्यंत आहे तेच राखलं तरी पुष्कळ.

रावेरी_केळीवाला
३ मे, सकाळी ६:००

आमच्या बागा पण या दिवसांत वाढत नाहीत, नुसत्या जगवतो. पाऊस पडला की बघा.

मालगाडी
१९ ऑगस्ट, रात्री १०:०५

कोणी आठवण काढली नाही, तरी आलो.

रविवारी कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसली होती. भाऊबंदकीतली चाळीस माणसं, रोट, पुरणपोळ्या, खीर, रात्रभर गाणी. दोन दिवसांत काटा १.८ किलोने वर. आधीचा मी इथेच हात टेकले असते. यावेळी वाटीभर ताईंना व्यक्तिगत निरोप टाकून विचारलं. त्यांनी सांगितलं की शरीर पिठूळ-गोड साठवतं तेव्हा एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, वरून मीठ, ती सगळी तात्पुरती भर आहे. आज काट्यावर चढलो, सव्वा किलो परत गेलंय. (रोज चढत नाही ताई, शप्पथ.)

आकडे : वजन ८६.५, कंबर ३८, बैठका ७० किलो, डेडलिफ्ट ९०. एकूण ५६ वेळा झालं. जूनमध्ये एकदा कंबर धरली होती, पंप भाऊंचं ऐकलं नव्हतं, रात्रीची गाडी करून आलो आणि तशीच ८५ लावली. दहा दिवस गेले. त्यानंतर ऐकतो.

सोयाबीन मी भिजवतो. सुरुवातीला वडी पिळताना तिचा चुरा व्हायचा, आता जमतं. सासुरवाडीला बट्टी दोनदा खाल्ली, तूप एकदाच घेतलं, दुसऱ्यांदा पानावर हात धरला. वाढणारी मामी म्हणाली, 'जावईबापू, तब्येत बरी नाही का?'

अमळनेरकरीण
१९ ऑगस्ट, रात्री १०:२०

छान वाटलं वाचून. बाटलीचं काय झालं ते लिहिलंच नाही?

मालगाडी
१९ ऑगस्ट, रात्री १०:४८

बाटली पहिले दोन महिने भांडणाचं कारण होती. गुरुवारी संपायची आणि शुक्रवारी आई डब्यातून गुपचूप काढायची. मग एप्रिलमध्ये मी जरा मोठी बाटली आणली आणि भरायचं काम आईकडेच दिलं. तेव्हापासून कोणी काढत नाही, कारण पहारेकरी तीच आहे. बायकोने मापाचं भांडं पोरांना रंग कालवायला देऊन टाकलं.

आत्ताचा डबा २ जूनला उघडला होता. आज ७८ दिवस झाले. मघाशी जाऊन बघितलं, तळाला चार बोटं तेल आहे अजून.

फोन आला. खंडव्याची गाडी आहे, निघतो. वहीत पुढे 'अ' आहे.